उबेची खोली

तळ्याकाठच्या त्या धर्मादाय दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या बाईला वेणू सिस्टरचा आवाज आधी भेटायचा आणि सिस्टर मागाहून. जिना चढता चढताच तिची हाक यायची, "कोण आलंय नवीन? नाव काय गं तुझं?" नाव कळल्याशिवाय ती कुणाच्या अंगाला हात लावत नसे. 'ए बाई' किंवा 'तीन नंबर' असं कुणी म्हटलेलं तिला खपत नसे. "तीन नंबर खाटेचा आहे, बाईचा नाही," असं ती नव्या नर्स मुलींना ठणकावून सांगायची.

हा आवाज तिने बाजारात कमावला होता. वेणू उरणच्या खाडीकाठची, कोळ्याची मुलगी. तिची आई जनी मासळी विकायची आणि शाळा सुटली की वेणू तिच्या पाटीशेजारी बसायची. चार पाट्यांपलीकडचं गिऱ्हाईक हाक मारून वळवायचं, पडेल भावाला हसून नकार द्यायचा आणि गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की बरोबर त्या क्षणी थोडं खाली उतरायचं, हे ती पुस्तकाआधी शिकली. पुढे जनीने तिला नर्सिंगला घातलं. कोळीवाड्यात कुणी नाकं मुरडली, तर जनी म्हणायची, "माजी पोर मासली नाय, मानसं सांभालनार हाय."

लग्न होऊन वेणू पनवेलला आली. नवरा दिनानाथ बंदरात क्रेन चालवायचा. वेणू या दवाखान्यात लागली ती तिथलीच झाली. बाळंतिणींच्या खाटांमध्ये पडदे नव्हते. ते तिने मिळवले. न्हाणीघरात गरम पाणी नव्हतं, ते आणवलं. दवाखान्याच्या सेक्रेटरींना तिची धास्तीच होती. ती चार गोष्टी मागायची, दोन मिळणार हे धरून. आणि त्या दोन नेमक्या तिला हव्या असलेल्याच असायच्या.

मग करोना आला. पहिल्या वर्षी सगळेच चाचपडत होते. नातेवाइकांना आत सोडायचं नाही असा नियम निघाला आणि ज्या बायकांना कळा देताना आईचा किंवा नणंदेचा हात धरायची सवय, त्या एकट्या पडल्या. त्यात समोर येणारं माणूस नखशिखांत पांढऱ्या किटमध्ये. चेहरा नाही, हसू नाही. तेव्हा वेणूचा आवाज कामाला आला. मास्क, वर प्लास्टिकची ढाल, तरी तिचं बोलणं साऱ्या वॉर्डात ऐकू जाई. "मी वेणू. उरणची. तुझा हात माझ्या हातात आहे, सोडणार नाही." किटच्या आत घामाने निथळत ती तासन्‌तास एकेकीपाशी उभी राहायची. बाकीच्या मुलीही तसंच करू लागल्या. त्या वर्षी त्या दवाखान्यात एकही बाई एकटी बाळंत झाली नाही, हे वेणू आजही मान वर करून सांगते.

पण तिची खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली, दुसऱ्या लाटेत. एप्रिलचे दिवस होते. कळंबोलीहून रिकामे टँकर मालगाडीवर चढवून प्राणवायू आणायला निघाले होते आणि लोक ते टीव्हीवर डोळे लावून बघत होते. पनवेलच्या एसटी स्टँडवर रिक्षांपेक्षा रुग्णवाहिकाच जास्त दिसत होत्या. अशा एका सकाळी विटांचा टेंपो दवाखान्याच्या फाटकाशी येऊन थांबला. मागच्या हौद्यात, विटांच्या लाल भुकटीवर गोधडी टाकून, साळू पडली होती. तिचा नवरा अंकुश तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

कर्नाळ्याच्या बाजूच्या कातकरवाडीतली ही जोडी. पावसाळा संपला की वीटभट्टीवर जायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परतायचं, हा त्यांचा नेम. साळूचे दिवस भरायला अजून अवकाश होता, पण पहाटेच कळा सुरू झाल्या. वाटेत दोन दवाखान्यांच्या दारांतून त्यांना परत पाठवलं होतं. आधी रिपोर्ट आणा, मग बघू.

फाटकावरच्या वॉचमननेही तेच विचारलं. वेणू तोवर खाली पोचली होती.

"रिपोर्ट आपण काढू," ती म्हणाली. "बाळ काय रिपोर्टसाठी थांबणार आहे?"

नाकात काडी घालून चाचणी झाली. साळूला करोना निघाला. तिला बाजूच्या खोलीत नेलं. साळू ओरडत नव्हती, रडत नव्हती. खाटेची कड धरून नुसती बघत होती. वेणू किट घालून आत आली तशी ती मागे सरकली.

"तुमी बाई हाय का बाप्या?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"बाई आहे गं! दोन लेकरांची आई. या सोंगात फार उकडतं बघ."

साळूच्या तोंडावर एवढंसं हसू आलं. तिने हात पुढे केला. दुपार व्हायच्या आत तिला मुलगी झाली.

मुलगी झाली, रडली, पण होती अगदीच चिमणी. वजनकाट्यावर दीड किलोच्या आसपास. श्वास नीट होता. पण हातपाय गार पडत होते आणि ओठाला बोट लावलं तर ती दोनदा चोखून दमत होती. बाळांचे डॉक्टर सत्यजीत या दवाखान्यात येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी मोठ्या रुग्णालयांना एकामागून एक फोन लावले. कुठे जागा नव्हती, कुठे करोनाच्या आईचं बाळ घ्यायची सोय नव्हती. इथे ऊब देणारं यंत्र एकच, आणि त्यात आधीच एक आजारी बाळ होतं.

"आईच्याच छातीवर ठेवू या सिस्टर," डॉक्टर म्हणाले. "उघड्या अंगाला उघडं अंग. आईला मास्क, हात स्वच्छ. कांगारूसारखं. यासारखी ऊब यंत्रातही नाही."

वेणूने असं बाळ आईच्या छातीवर बांधून अनेकींना शिकवलं होतं. तिने साळूच्या छातीवर मुलीला ठेवलं, वरून मऊ कापड गुंडाळलं. अर्ध्या तासात बाळाची पावलं कोमट झाली. साळू तिच्या टाळूकडे बघत झोपून गेली.

दुसऱ्या दिवशी साळूला धाप लागली. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा उतरू लागला. तिला वरच्या मजल्यावर, प्राणवायूच्या खाटेवर न्यावं लागलं. जाताना ती मुलीला सोडेचना. वेणूने हळूच तिची बोटं सोडवली आणि म्हणाली, "मी बघते हिला. तू फक्त श्वास घे."

बोलून तर बसली. पण आता बाळाला छातीशी धरणार कोण? नर्स मुली मोजक्या आणि बाळंतिणी खाटा भरून. साळूची सासू भट्टीवरच तापाने पडली होती. बाळाला कपड्यांत गुंडाळून कोमट पाण्याच्या पिशव्या बाजूला ठेवल्या, तरी ते गारठत होतं. वेणू खिडकीशी गेली. खाली जांभळाच्या झाडाखाली अंकुश बसला होता. कालपासून तिथेच. साळूच्या चपला त्याने मांडीवर घेतल्या होत्या, कुणी नेऊ नये म्हणून.

वेणू वळली. "सर, बाप आहे की."

डॉक्टर थबकले, मग हसले. "बापाला चालतं. मी वाचलंय. पाहिलं मात्र कधी नाही."

"मग आता दोघं मिळून पाहू."

अंकुशची चाचणी झाली. त्याला काही नव्हतं. तरी मास्क घालायचा, वेगळ्या खोलीत राहायचं आणि रोज तपासून घ्यायचं, असं डॉक्टरांनी ठरवलं. पण वेगळी खोली होती कुठे? साळूची खोली लगेच दुसऱ्या करोनाच्या बाळंतिणीला लागली होती. आणि वॉर्डप्रमुख चंद्रावती सिस्टरना हे पटेना. त्या वेणूहून वडील, शिस्तीच्या.

"वेणू, बायका अंगावर पाजतायत तिथे. बाप्या माणूस आत आणायचा? उद्या त्यांच्या घरचे येऊन गोंधळ घालतील, तेव्हा मीच उत्तर द्यायचं ना?"

त्यांचं चूक नव्हतं. वेणूलाही ते कळत होतं. "वॉर्डात नाही आणत ताई. जिन्याखालची सामानाची खोली आहे ना, तिला बाहेरून दार आहे. तो तिकडूनच येईल, तिकडूनच जाईल. एकाही बाईला दिसणार नाही."

चंद्रावतीताईंनी रजिस्टर ओढून पुढची नोंद लिहायला घेतली. वेणूने तो होकार धरला आणि सेक्रेटरींना फोन लावला. आधी तिने वरच्या मजल्यावरची बैठकीची मोठी खोली मागितली. ते "अशक्य!" म्हणून ओरडले. मग तिने सुस्कारा सोडला. "बरं, मग निदान जिन्याखालची द्या. तिथे नुसत्या मोडक्या खाटा पडल्यात." सेक्रेटरींनी सुटलो म्हणत होकार दिला. त्याच दमात तिने विश्वस्तांच्या बैठकीतली पाठ टेकायची खुर्चीही मागून घेतली.

खोली धुऊन पुसून घेतली. वेणू जांभळाखाली गेली आणि अंकुशला सगळं समजावलं. तो उठून उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. माती तुडवून, विटा उचलून तळवे दगडासारखे झालेले, भेगांत लाल माती बसलेली.

"बाय, माजे हात बघा. या हातांनी येवढुसं पोर कसा धरू? मोडंल ते."

"हाताचं काम नाही रे. छातीचं आहे."

त्याने हात मागे घेतले. मग म्हणाला, "आमच्यात बाप्ये तान्ह्या पोराला हात नाय लावत."

"आमच्यातही नाही लावत. पण तुझी साळू वर श्वासासाठी झगडतेय. तिचं अर्धं काम तू उचल."

अंकुशने साळूच्या चपला झाडाच्या बुंध्याशी नीट ठेवल्या. "दावा कसा करायचा ता," तो म्हणाला.

मागच्या नळावर त्याने घासून घासून अंघोळ केली. साबण, टॉवेल आणि नखं काढायची कात्री कुणीतरी आधीच तिथे ठेवली होती. वेणूने विचारलं, तेव्हा चंद्रावतीताई दुसरीकडे बघत म्हणाल्या, "आणायचाच आहे तर स्वच्छ आणा."

अंकुश खुर्चीवर रेलून बसला. वेणूने मुलीला त्याच्या उघड्या छातीवर उभं ठेवलं, मान एका अंगाला वळवली, पाय बेडकासारखे दुमडले आणि वरून कापड बांधलं. अंकुश श्वास रोखून ताठ झाला होता.

"श्वास घे! तू घेतलास तर ती घेईल."

त्याने श्वास घेतला. मुलगी त्याच्या छातीबरोबर वर गेली, खाली आली. मग तिने एक जांभई दिली. अंकुशच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि हात बाळावर असल्यामुळे त्याला ते पुसताही येईना. वेणूनेच पुसलं.

दवाखान्यातली कापडं खरखरीत होती. त्या संध्याकाळी वेणूने आईला फोन केला.

"आये, तुझी जुनी लुगडी हायत का? धुऊन धुऊन मऊ झालेली?"

"कोनाला पायजेत गो?"

"एका बाप्याला. पोर छातीशी बांधायला."

पलीकडे जनी इतकी हसली की तिला खोकला आला. पण दुसऱ्या दिवशी दिनानाथच्या हाती लुगड्यांचं गाठोडं आलं. उकळून, उन्हात वाळवून, घड्या घातलेलं.

आईचं दूध वरून खाली आणायची सोय वेणूने लावली. साळूला जरा उसंत मिळाली की वरची नर्स तिचं दूध वाटीत काढून घ्यायची, झाकून खाली पाठवायची आणि अंकुश ते चमच्याने थेंब थेंब पाजायचा. पहिल्यांदा त्याने निम्मं सांडलं. दोनच दिवसांत त्याचा हात असा बसला की नव्या नर्सही त्याच्याकडे बघत राहायच्या. तो मुलीशी बोलायचा. ओढ्यातली खेकडी कशी धरायची, कर्नाळ्याच्या रानात कुठला पक्षी कसा ओरडतो, मोहाची फुलं कधी पडतात, सगळं तिला सांगायचा. दिवसभर, रात्रभर मुलगी त्याच्या छातीवरच असायची; तो जेवायला आणि अंघोळीला उठेल तेवढाच. त्या वेळात वेणू नाहीतर चंद्रावतीताई बाळाला धरायच्या.

एका दुपारी मात्र वॉर्डात अंकुशची किंकाळी ऐकू आली. "बाय! बाय, पोर निली झाली!"

वेणू जिन्यावरून धावत खाली आली. दूध पिताना मुलीला ठसका लागला होता, श्वास अडकला होता, ओठ निळे पडले होते. वेणूने तिला उचलून हातावर पालथं घेतलं, तोंड पुसून काढलं, पाठीवरून बोटं चोळली. डॉक्टर घशातलं दूध ओढायची नळी घेऊन धावत आले. मग मुलीने एक आचका दिला आणि किरट्या आवाजात रडायला लागली. वेणू तिथेच फरशीवर बसली.

अंकुश भिंतीला टेकून खाली बसला होता. "माज्यानं नाय व्हनार बाय. तुमीच घ्या तिला."

"असं आईच्या हातूनही होतं," डॉक्टर त्याच्याजवळ बसून म्हणाले. "तू वेळेवर पाहिलंस, हाक मारलीस, म्हणून ती रडतेय. नसतं पाहिलंस तर?" त्यांनी वेणूकडे पाहिलं. वेणू उठली आणि तिने मुलीला पुन्हा त्याच्या छातीवर बांधलं. या वेळी गाठ तिने त्यालाच मारायला लावली.

वर साळूची तब्येत सुधारेना. खाणं सोडलं होतं. तिला वाटत होतं, मुलगी गेली आणि सगळे आपल्याला फसवतायत. "बाप पोर सांभालतंय? मना येडी समजता का?" ती नर्सला म्हणाली. हे कळलं तेव्हा वेणूने आपला फोन अंकुशसमोर धरला आणि वरच्या नर्सला व्हिडिओ लावायला सांगितलं.

साळूने पडद्यात पाहिलं. तिचा नवरा फुलाफुलांचं कोळणीचं लुगडं छातीला गुंडाळून बसला होता आणि लुगड्यातून एवढंसं काळं डोकं बाहेर डोकावत होतं. ती बघत राहिली. मग नाकावरचा मास्क धरून हसायला लागली.

"ओ, तुमी कवा बालंत झालात?"

"ही बग, जांबई देते," अंकुश म्हणाला. "तुज्यासारकीच, तोंड फाडून!"

त्या संध्याकाळी साळूने पेज मागून घेतली. पुढे रोज दुपारी तो फोन होऊ लागला. आणि हळूहळू यंत्रावरचा आकडा चढायला लागला.

मुलगी वजन धरू लागली. आधी काटा जागचा हलेना, मग रोज थोडा थोडा सरकला. चंद्रावतीताई वजन करताना स्वतः हजर राहायच्या आणि काटा पुढे गेला की "हं" म्हणायच्या. त्यांचा तो "हं" आता साऱ्या दवाखान्याला पाठ झाला होता.

साळू खाली उतरली ती स्वतःच्या पायांनी. अशक्त होती, पण ताठ. जिन्याखालच्या खोलीच्या दारात ती थांबली. अंकुश उठला, त्याने गाठ सोडली आणि मुलीला तिच्या हातात दिलं. मुलीने आईचा वास घेतला, तोंड इकडेतिकडे फिरवलं आणि छातीला लागली. या वेळी ती दमली नाही. अंकुश आपल्या रिकाम्या छातीवर हात ठेवून उभा राहिला. "हितं गार लागतं आता," तो म्हणाला आणि सगळी खोली हसली.

मुलीचं नाव दिपा ठेवलं. निघताना अंकुशला वेणूच्या पाया पडायचं होतं. तिने त्याला मध्येच धरलं. "पाया नको पडू. तू केलंस ते मी वीस वर्षांत एका बाप्याकडून करून घेऊ शकले नव्हते."

उरणच्या बाजारात जनीने ही गोष्ट कोलंबीच्या वाट्यांबरोबर वाटली. "डाक्टर बायांना बालंत करतात," ती गिऱ्हाइकांना सांगायची, "माजे पोरीनं बाप्याला बालंत केला!"

जिन्याखालची खोली पुन्हा सामानाला मिळालीच नाही. पुढच्याच महिन्यात आणखी एका आईला प्राणवायूसाठी वरच्या मजल्यावर न्यावं लागलं आणि तिचा नवरा त्या खुर्चीत बसला. मग लाट ओसरली, किट गेले, मास्क गेले, पण खोली राहिली. डॉक्टर सत्यजीतांनी विश्वस्तांसमोर सांगितलं, की कमी दिवसांचं बाळ आलं तर बापालाही बोलवायचं, हा आता आपला रिवाज. वॉर्डाच्या नियमांतही बदल झाला. कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस राहील, ही मागणी चंद्रावतीताईंनी स्वतः मांडली. दुसऱ्या गावांतल्या नर्स हे बघायला येऊ लागल्या. "हे कुणी सुरू केलं?" असं कुणी विचारलं तर वेणू आढेवेढे घेत नाही. छातीवर हात ठेवून म्हणते, "मी. आणि माझ्या वॉर्डानं."

मागच्या हिवाळ्यात कळंबोलीच्या ट्रेलरवरचा ड्रायव्हर शैलेश याला अपुऱ्या दिवसांचा मुलगा झाला. बायकोला टाके पडले होते, ती उठू शकत नव्हती. शैलेश भला दांडगा गडी, पण बाळाजवळ जायला तयार होईना. वेणूने खूप समजावलं, ओरडूनही पाहिलं. शेवटी तिने अंकुशला फोन केला. तो भट्टीवरची पाळी बदलून आला. बरोबर दिपाही होती, दोन वेण्या घातलेली, एका जागी न बसणारी.

अंकुशने शर्ट काढून नळावर हात-छाती धुतली आणि शैलेशच्या बाजूला खुर्ची ओढली.

"भाव, मना बी असाच वाटला व्हता," तो म्हणाला. "ही बग, हीच ती पोर. आता झाडावर चढते, उतर बोलला तर आयकत नाय."

शैलेशने दिपाकडे पाहिलं. दिपाने त्याला जीभ दाखवली. मग त्याने शर्टाची बटणं सोडायला घेतली. अंकुशने बाळाचे पाय कसे दुमडायचे ते दाखवलं, मान वळवली, लुगडं गुंडाळलं आणि गाठ त्यालाच मारायला दिली.

वेणू दारात उभी होती. तिला तिथे करायला काहीच उरलं नव्हतं, आणि त्याचंच तिला कोण कौतुक वाटलं. तिने दिपाला कडेवर उचललं आणि दार अलगद लोटून घेतलं.